बेहड्याखालचा हिशेब

दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. धान घरात येत असते, हातात चार पैसे खुळखुळू लागलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगावी रंगमंच उभारतात आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. गावाच्या उत्सवप्रियतेचे हे प्रसन्न रूप. पण याच दिवसांत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही गावांबाहेर, जंगलाच्या आडोशाला, आणखी एक बाजार भरतो. कोंबड्यांच्या पायांना काती बांधून त्यांना एकमेकांवर सोडले जाते, रक्ताचे शिंतोडे उडतात आणि भोवती कोंडाळे करून उभे असलेले लोक नोटा उंचावत बोली लावतात. पोलीस येतात, मोटारसायकली आणि कोंबडे जप्त होतात, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी छापून येतात आणि पुढच्या आठवड्यात कोंबडबाजार नव्या जागी भरतो. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे, हे लक्षात घेतले की या लपंडावाचे नवल वाटेनासे होते.

तरीही कोंबडबाजाराच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करावी लागेल. तो दिसतो. कोण गेला, किती हरला, कोणाची बैलजोडी विकली गेली हे गावाला कळते. आई-बाप, बायको, पोलीस पाटील यांच्यापैकी कोणीतरी हात धरू शकते. गावोगावच्या टपऱ्यांवर चालणाऱ्या सट्टापट्टीचेही तसेच. पट्टी लिहिणारा कोण आणि लावणारा कोण, हे सर्वांना ठाऊक असते. आज जो जुगार या दोन वनजिल्ह्यांच्या उंबरठ्यावर येऊन बसला आहे, तो मात्र कोणालाच दिसत नाही. तो बल्लारपूरच्या कोळसा वसाहतीतील खोलीत, अहेरीच्या बसस्थानकावर, भामरागडच्या रस्त्यावरील टॉवरची रेंज पोहोचते त्या प्रत्येक वळणावर, पांघरुणाखालच्या मोबाइलमध्ये चालतो. क्रिकेटचा हंगाम नसेल तर युरोपातील फुटबॉलचा असतो. ज्या गावाचे नाव उच्चारताना जीभ अडखळते, त्या गावाच्या संघावर मध्यरात्री पैसे लावले जातात.

आणि हे पैसे लावण्यापूर्वी त्या तरुणाला वाचायला काय मिळते? सामन्याचे ‘विश्लेषण’. यजमान संघाने मागच्या पाच सामन्यांपैकी किती जिंकले, पाहुण्यांनी परक्या मैदानावर किती गोल स्वीकारले, दोन्ही संघ याआधी समोरासमोर आले तेव्हा काय घडले, कोणता खेळाडू जखमी आहे, पंच किती पिवळी कार्डे दाखवतो! सारे आकडे बहुधा खरेच असतात. खोटी असते ती त्यांच्यापुढे अदृश्य अक्षरांत लिहिलेली ओळ, की हे आकडे वाचणाऱ्याला आता काहीतरी असे ठाऊक आहे जे पैसे घेणाऱ्याला ठाऊक नाही. जुन्या सट्टेबाजाला स्वप्नात आकडा दिसत असे, तो साधूच्या हातवाऱ्यांतून आकडा काढत असे. लोक त्याला हसत. टक्केवारीचे तक्ते पाहून पैसे लावणाऱ्या सुशिक्षित मुलाला कोणी हसत नाही. तो स्वतःला अभ्यासू समजतो. स्वप्नातल्या आकड्याहून तक्त्यातला आकडा अधिक घातक ठरतो तो याच कारणाने.

या अभ्यासाचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहिला पाहिजे. फुटबॉलच्या सामन्याचे तीन निकाल संभवतात. उदाहरणादाखल, यजमानांच्या विजयाचा भाव २.१०, बरोबरीचा ३.३० आणि पाहुण्यांच्या विजयाचा ३.४० आहे असे धरू. म्हणजे यजमानांवर शंभर रुपये लावणाऱ्याला ते जिंकल्यास आपल्या शंभरासह दोनशे दहा मिळतील. प्रत्येक भावाने शंभरास भागले की त्या निकालाची गृहीत धरलेली शक्यता मिळते. ती अनुक्रमे ४७.६, ३०.३ आणि २९.४ टक्के. बेरीज करावी. ती शंभर यायला हवी, कारण तीनपैकी एक निकाल लागणारच. येते १०७.३. हे वरचे सात टक्के कोणाचे? सामना कोणीही जिंको, ते दुकानदाराचे. अशा पाच सामन्यांची माळ करून एकत्र पैसे लावण्याचे आमिष सर्रास दाखवले जाते. त्यात ही कपात पाच वेळा गुणली जाते आणि लावलेल्या शंभरांपैकी सरासरीने सत्तरच परत येण्याची अपेक्षा उरते.

क्रिकेटचे गणित याहून सोपे आहे. दोन तुल्यबळ संघ आहेत. शंभर लावले आणि जिंकले तर नव्वद मिळतात, हरले तर शंभर जातात. आयपीएलच्या ७४ सामन्यांच्या हंगामात प्रत्येक सामन्यावर शंभर रुपये लावणाऱ्याचे निम्मे, म्हणजे ३७ अंदाज बरोबर आले तर त्याला ३,३३० रुपये मिळतील आणि ३,७०० जातील. ३८ बरोबर आले तरी १८० रुपयांचे नुकसान आहे. ३९ बरोबर आले तर दोन महिन्यांच्या जागरणाची कमाई दहा रुपये! सट्टापट्टीत दहा आकड्यांपैकी एक लागतो आणि लागला तर साधारणतः नऊपट मिळतात, हे झाडाखाली बसलेल्या अडाणी माणसालाही ठाऊक असते. तिथेही दहावा हिस्सा खायवालाचा. नव्या जुगाराने तो हिस्सा दशांश चिन्हामागे दडवला, एवढाच फरक.

मग संख्याशास्त्राने कोणी जिंकतच नाही काय? जिंकतात, आणि त्यांची गोष्ट अधिक बोधक आहे. १९९७ साली मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील फुटबॉल सामन्यांतील गोलांचा अंदाज बांधणारे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले आणि सट्टेबाजारातील भावांतल्या उणिवा त्यातून कशा हेरता येतील हे दाखवले. तेव्हापासून ही विद्या हा एक उद्योगच झाला. इंग्लंडमधील ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम आणि ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम हे दोघेही याच विद्येवर श्रीमंत झाले. त्यासाठी त्यांनी गणितज्ञांच्या फौजा पदरी बाळगल्या. पैसे घेणाऱ्या कंपन्यांकडेही तशाच फौजा असतात. शिवाय एखादा ग्राहक सातत्याने जिंकू लागला तर त्याच्या खात्यावर मर्यादा घालण्याचा मार्ग त्यांना मोकळा असतोच. या दोन सैन्यांच्या मधोमध अहेरीचा मुलगा उभा आहे आणि त्याच्या हातात काय, तर फुकट मिळालेला मागच्या पाच सामन्यांचा तक्ता.

या साऱ्या प्रश्नाचा मूळ पाठ विदर्भाच्या भूमीशी जोडलेला आहे, याचे स्मरण येथे करून द्यावेसे वाटते. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान सर्वांना परिचित आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भराजकन्या दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा कुंडिनपुराकडे निघाला असता वाटेत बिभीतकाचा वृक्ष लागला. बिभीतक म्हणजे बेहडा. राजाने धावत्या रथातून पाहून सांगितले की झाडावर आहेत त्याहून खाली पडलेली पाने आणि फळे किती अधिक आहेत, आणि दोन फांद्यांवर मिळून फळे किती, तर दोन हजार पंच्याण्णव. नलाने रथ थांबवला, खाली उतरून मोजले, संख्या बरोबर आली. काही फांद्या पाहून सबंध झाडाचा अंदाज बांधण्याची ही विद्या आणि फाशांचे रहस्य जाणण्याची विद्या एकच, असे ऋतुपर्णाने त्याला सांगितले. संभाव्यताशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानेही १९७५ च्या आपल्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरली जात, हे लक्षात घेतले तर कथाकाराने नेमका हाच वृक्ष का निवडला हे उमगते.

या कथेचा आधार घेऊन कोणी म्हणेल की ज्ञानाने जुगार जिंकता येतो हेच तर व्यासांनी सांगितले. पण मग कथा पूर्ण वाचावी. ती विद्या हाती येताच नलाच्या अंगातून कली बाहेर पडला. नल परतला, पुष्कराशी एकदाच खेळला, राज्य परत मिळवले, पुष्कराला त्याचा वाटा देऊन सन्मानाने निरोप दिला आणि तिथेच थांबला. ज्याला मोजता येते तो खेळत राहत नाही.

आपल्या परंपरेने जुगाराला कधी पवित्र मानले नाही. पण त्याच्याकडे डोळेझाकही केली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा पश्चात्ताप आहे, त्याची टाकलेली पत्नी आहे, दुःखी माता आहे. मनुस्मृतीने निर्जीव साधनांच्या जुगाराला ‘द्यूत’ आणि सजीवांवर पैज लावण्याला ‘समाह्वय’ असे वेगळे नाव दिले आणि राजाने दोन्हींना थारा देऊ नये असे सांगितले. काती बांधलेला कोंबडा आणि जर्सी घातलेला खेळाडू या दोघांवरील पैज या व्याख्येने एकाच सदरात येते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. याउलट कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला, जुगार एकाच ठिकाणी चालावा असा नियम केला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्यासाठी घेतले. बंदी की नियमन, हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीही होता. आणि मध्यमवर्गीय घरांनी हेही विसरू नये की बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ‘शकुनाचे’ म्हणून पत्ते मांडणारी घरे विदर्भात कमी नाहीत. मुलाच्या हातातला पहिला डाव कधी कधी वडिलांनीच दिलेला असतो.

आधुनिक काळातही हाच वाद झडला. २००० सालच्या एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचे संभाषण पकडले आणि क्रिकेटचे सोवळेपण संपले. २०१३ च्या मे महिन्यात आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंग उघड झाले. त्यातून नेमल्या गेलेल्या न्या. लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात बंदी पाळता येत नसेल तर कडक नियमन करावे, अशा आशयाचे मत मांडले. दरम्यान ‘कौशल्याचा खेळ’ या न्यायालयीन संज्ञेची ढाल पुढे करून पैशांचे काल्पनिक संघ खेळविणाऱ्या कंपन्या फोफावल्या. २०२३ मध्ये अशाच एका कंपनीचे नाव भारतीय संघाच्या छातीवर झळकले. ज्या मुलाला वडिलांनी जुगारापासून दूर राहायला सांगितले, त्याने ते नाव राष्ट्रीय संघाच्या गणवेशावर वाचले. त्याने कोणावर विश्वास ठेवावा?

अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक संमत केले. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळविला जाणारा ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशा तरतुदी त्यात आहेत. अशा खेळांची झळ देशातील ४५ कोटी लोकांना बसली आणि वीस हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले, असा केंद्र सरकारचा अंदाज होता. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले, संघाच्या छातीवरचे नाव गेले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. हे पाऊल स्वागतार्ह होते, यात शंका नाही. मात्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालविणारे महाराष्ट्र शासन आणि सत्तेवर कोणीही येवो, मांडवी नदीतून न हलणारे गोव्याचे तरंगते कॅसिनो यांच्याकडे पाहिले की शासनसंस्थेच्या नैतिक भूमिकेला असलेले ठिगळही दिसते. ते झाकण्यात अर्थ नाही.

कायद्याने देशी दुकाने बंद केली. चोरवाटा या दोन जिल्ह्यांच्या शेजारूनच जातात. ज्या ‘महादेव’ ॲपने देशभर खळबळ उडवली त्याचे मूळ छत्तीसगडच्या दुर्ग-भिलाईत आणि सूत्रे दुबईत होती. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने त्यासह २२ बेकायदा ॲप आणि संकेतस्थळांवर बंदी घातली. (भगवान शंकराचे नाव जुगाराच्या दुकानाला दिले गेले, तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठला तो किती क्षीण होता!) त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातील एका बुकीच्या घरावर छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड व किलोंच्या हिशेबात सोने जप्त केले. ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. प्रारंभी त्याला जिंकू दिले गेले, असे त्याचे म्हणणे. दुर्ग, गोंदिया, नागपूर ही नावे नकाशावर पाहिली तर गडचिरोली किती जवळ आहे ते समजते. अशा व्यवहारांत पैसे फिरवण्यासाठी गरिबांची बँक खाती भाड्याने घेतली जातात. चार-पाच हजारांच्या मोबदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड देऊन टाकणाऱ्या वनवासी तरुणाला आपण गुन्ह्यात सामील होत आहोत याची कल्पनाही नसते. पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात.

बंदीचे बळ आणि मर्यादा या दोन जिल्ह्यांइतक्या कोणाला ठाऊक असणार? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी, विशेषतः महिलांनी, झगडून मिळवली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने उठवली. शेजारी शेजारी असलेल्या या दोन अनुभवांवरून एवढे म्हणता येईल की जिथे गाव स्वतः पाठीशी उभे राहते तिथे कायद्याला धार येते. पण दारूच्या अड्ड्यावर महिलांचा मोर्चा नेता येतो, हातभट्टीचे मडके फोडता येते. मुलाच्या खिशातल्या मोबाइलवर मोर्चा कसा न्यावा? गावाने आजवर वापरलेली सर्व शस्त्रे इथे बोथट ठरतात. म्हणून लढाईची जागा बदलावी लागेल.

त्यातली एक जागा शाळा आहे. महाराष्ट्रात दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. नाणी, फासे आणि पत्त्यांची उदाहरणे सोडवून मुले गुण मिळवतात आणि विसरून जातात. आश्रमशाळेतील गणिताच्या शिक्षकाने फळ्यावर तो २.१०, ३.३० आणि ३.४० चा भाव लिहावा आणि मुलांकडूनच बेरीज करून घ्यावी. १०७.३ हे उत्तर स्वतः काढलेला मुलगा ते सहजासहजी विसरणार नाही. दुसरी जागा बँक आणि बचतगट. खाते भाड्याने देणे म्हणजे काय, हे बचतगटाच्या एका बैठकीत समजावून सांगता येते, आणि घरातील खात्यावर आईची नजर असेल तर पोलीस ठाण्याची पायरी टळते. तिसरी जागा वृत्तपत्रांची पाने. सामन्याच्या बातमीत संघांची माहिती द्यावी, खेळाचे मर्म उलगडावे. सट्टेबाजाराचा भाव छापण्याचे कारण काय? सट्ट्याविरुद्ध अग्रलेख लिहिणाऱ्यांनीच क्रीडापानावर ‘बाजाराची पसंती’ सांगावी, हा दुटप्पीपणा वाचकांनी पत्र लिहून संपादकांच्या निदर्शनास आणून द्यावा.

खेळावर राग धरण्याचे कारण नाही. याच विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला. वसाहतीतल्या मैदानावर सायंकाळी जी मुले धुळीत चेंडूमागे धावतात, त्यांना रात्री त्याच खेळाचा भाव विचारायला शिकवणारी व्यवस्था खेळाची शत्रू आहे.

आणि वेळेचे भान ठेवावे लागेल. एप्रिलच्या अखेरीस या जंगलांत तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. पहाटे चारला उठून संपूर्ण कुटुंब रानात जाते. दुपारी अंगणात बसून आया-बहिणी पाने मोजतात. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने. ऋतुपर्णाने एका दृष्टिक्षेपात मोजली ती पाने इथे एकेक करून, बोटांनी मोजली जातात आणि फळीवरचा मुन्शी ती पुन्हा तपासतो. काही दिवसांत मजुरीची रक्कम खात्यावर जमा होते, वर्षातील सर्वांत मोठी रोख रक्कम. धानाच्या बियाण्याचे, मुलीच्या शाळेचे, गळक्या छपराचे पैसे त्यातूनच यायचे असतात. नेमक्या त्याच आठवड्यांत आयपीएल रंगात आलेले असते आणि खात्याशी जोडलेला मोबाइल बहुतेक घरांत मुलाच्या हाती असतो. ग्रामसभांनी तेंदूच्या लिलावाची चर्चा करायला बसण्यापूर्वी, मार्चमध्येच, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि घरोघरी पहिला प्रश्न तोच विचारावा की मजुरीच्या खात्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे.